टिप बदलायला दिलेला मासेमारीचा रॉड अख्खा सोलायचा का?

जुनीमूठ:
काल एका रॉड दुरुस्त करणाऱ्यांनी इथे लिहिलं की गिऱ्हाईक फक्त तुटलेली टिप (टोकाची कडी) बदलायला देतं, पण ते स्वतःहून सगळ्या गाईड (गळाची दोरी जाते त्या कड्या) उतरवतात, ब्लँक (रॉडची मूळ काठी) घासतात, गाईड नव्या दोऱ्याने बांधतात, त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा लेप) चढवतात आणि मुठीचा कॉर्क घासून गोरा करतात. जादा पैसे घेत नाहीत. खाली चाळीस जणांनी वाहवा केली. मला हे पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टिप बदलणं हे वीस मिनिटांचं काम. लायटरची ज्योत फक्त टिपच्या नळीला लावायची, ब्लँकला नाही. आतला हॉट मेल्ट ग्लू पातळ झाला की न पिळता सरळ ओढायची. नळीचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात घ्यायचं, नवी बसवताना बाकीच्या गाईडच्या रेषेत डोळ्याने लावायची. संपलं.

आता तुमचं जादा काम बघू. जुनी बांधणी काढताना ब्लेड गाईडच्या पायावर, म्हणजे धातूवर, चालवायचं असतं. सात फुटी रॉडला सात-आठ गाईड. त्यातल्या एका ठिकाणी जरी ब्लेड घसरून ब्लँकचे धागे कापले गेले, तरी दिसायला केसाएवढा ओरखडा आणि मोठा मासा लागला की नेमका तिथून रॉड जातो. तेव्हा दोष कोणाचा? काम सांगितलं होतं टिपचं.

कॉर्कचंही तेच. घासला की मिलिमीटरभर जातो, रील सीटच्या (रील बसवतात त्या जागेच्या) कडेशी पायरी पडते आणि पकडताना बोट बरोब्बर तिथेच येतं. मळ काढायला जुना टूथब्रश आणि भांड्याचा साबण पुरतो.

रेवदंडाकिनारा:
जुनीमूठ, तुम्ही तळ्यावरच्या रॉडचा विचार करताय. आमच्याकडे येतात ते खाऱ्या पाण्यातले. जिताडा-तांबोशी हे मासे धरणारे रॉड घरी नेऊन गोड्या पाण्याने धुतच नाहीत. टिप तुटली म्हणून रॉड येतो आणि तिसऱ्या गाईडच्या बांधणीच्या कडेला तपकिरी डाग असतो. तो डाग म्हणजे पाय आतून गंजलाय. रिंगमधून कापसाचा बोळा फिरवून बघा, तंतू अडकला की सिरॅमिकला तडा आहे. त्या तड्यावर ब्रेड (विणलेली दोरी) अर्ध्या तासात कातरली जाते. नवी टिप लावून असा रॉड परत द्यायचा? ही तर फसवणूक झाली.

दुसरं, इपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घ्यावे लागतात. तीन सीसीपेक्षा कमी मिसळली तर प्रमाण चुकतं आणि महिनाभर चिकट राहते. एका गाईडला लागते थेंबभर. उरलेली बाकीच्या बांधण्यांवर गेली तर बिघडलं काय?

जुनीमूठ:
बिघडतं, सांगतो. जुन्या बांधणीला तडे गेलेले असतात, आत मीठ आणि ओल असते. वरून इपॉक्सी ओतली की ते आत कोंडलं. वरून काचेसारखं चकचकीत, आत गंज चालूच. सहा महिन्यांनी गाईड हातात येते. शिवाय जुन्या कोटवर रीलच्या स्प्रेचं सिलिकॉन असतं, त्यावर इपॉक्सी फुटते आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. उरलेली इपॉक्सी फेकून द्या. तीन सीसीच आहे.

गंजलेली गाईड आणि तडकलेली रिंग दाखवलीच पाहिजे, हे मान्य. दाखवा, म्हणतोय. बदला, म्हणत नाही.

रेशीमदोरा:
केनच्या (बांबूच्या) रॉडबद्दल कोणी बोललंच नाही, आणि तिथेच सगळ्यात जास्त नासधूस होते. बांबूच्या सहा पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बहुतेक रॉडमध्ये प्राण्याच्या हाडा-कातड्याचा सरस. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, ओलीनेही सुटतो. तुम्ही जुनं वॉर्निश काढायला हीट गन धरता आणि पट्ट्या उकलतात. नंतर हातात वाकवून बघितलं की बारीक टिक-टिक आवाज येतो, तो उकललेल्या पट्ट्यांचा.

हार्डी या इंग्लिश कंपनीच्या पॅलाकोना या केनच्या रॉडवर मुठीच्या वर शाईने हाताने लिहिलेली अक्षरं असतात, त्यावर वॉर्निशचा कोट. कोट घासला की अक्षरं गेली. मग तो रॉड कोणता, हे सांगणार कोण? बांबूची ताकद सालीलगतच्या तंतूंत असते. सँडपेपरने तेच पहिले जातात.

आणि फेरूल, म्हणजे रॉडचे तुकडे जोडणारी धातूची नळी! नर फेरूल (आत जाणारा भाग) काळा, घट्ट वाटला की लोक स्टील वूल मारून चांदीसारखा करतात. आधी स्पिरिटचं फडकं फिरवा, बहुतेक वेळा घट्टपणा मळाचाच असतो. धातू एकदा गेला की जोड सैल पडतो, कास्ट करताना (गळ फेकताना) टक् वाजतं आणि वरचा तुकडा पाण्यात.

खडकावरून:
इपॉक्सीचा विषय निघालाच आहे तर सांगा, जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात इपॉक्सी करताच कशी? दमट हवेत वर दुधाळ, चिकट थर येतो. पावसाळ्यात वॉर्निशच बरं.

रेवदंडाकिनारा:
वॉर्निश पावसाळ्यात दोन-दोन दिवस सुकत नाही, त्यावर डास आणि धूळ. इपॉक्सीच्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवा, दोन भागांना दोन वेगळ्या सिरिंज. लाकडी पेटीत साठ वॅटचा बल्ब लावून रॉड हळू फिरत्या मोटरवर सहा तास, मग चोवीस तास तसाच. पेटी बंद असली की दुधाळ थर येत नाही.

रेशीमदोरा:
केनचा रॉड त्या पेटीत घालू नका! बल्बच्या अगदी जवळ हवा किती तापते, थर्मामीटर लावून बघा. केनला स्पार वॉर्निशच, तेही चार पातळ कोट. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते आणि पुढच्या माणसाला ती काढायला उष्णताच लागते. वॉर्निश नखाने-ब्लेडने निघतं. रेशमी दोऱ्यावर आधी कलर प्रिझर्व्हर लावला नाही तर दोरा पारदर्शक होतो, मूळ लाल बांधणी विटक्या तपकिरी रंगाची दिसते.

खडकावरून:
म्हणजे प्रिझर्व्हर लावला तर रंग टिकतो, पण वॉर्निश दोऱ्यात मुरत नाही. खाऱ्या पाण्याला ते कच्चंच.

रेशीमदोरा:
केनचा रॉड खाऱ्या पाण्यात नेता कशाला?

बिलबुक:
तुमचं वॉर्निश चालू द्या. माझा मुद्दा पैशाचा आहे. आठ गाईड उतरवणं, पायाची धार कानशीने पातळ करणं, बांधणं, कोट देणं, दोन दिवस जातात. हे टिपच्या पैशात केलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाऊन म्हणतं, तिकडे फुकट करतात. या फुकटेगिरीने धंद्याचा भाव पडतो आणि दोष प्रामाणिक बिल देणाऱ्याला.

रेवदंडाकिनारा:
भाव, भाव! मासा सुटला की माणूस किती हळहळतो, ते बिलबुकात लिहिता येतं का? रॉड माझ्या हातातून जातो तेव्हा तो नीट जायला हवा, बस्स.

जुनीमूठ:
नीट म्हणजे काय, हे रॉडचा मालक ठरवणार, तुम्ही नव्हे. टोकाकडच्या गाईडवर इपॉक्सीचा जाड थर चढला की टोक जड होतं, रॉड मंद होतो. मालकाच्या मनगटाला वीस वर्षांची सवय असते. रॉड चकचकीत मिळाला तरी कास्ट दहा फूट आखूड पडते आणि का, ते त्याला कळत नाही. हा तुमचा हट्ट आहे, काळजी म्हणू नका.

रेवदंडाकिनारा:
हट्ट तर हट्ट. तडकलेली रिंग ठेवून रॉड देणार नाही.

रेशीमदोरा:
तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडताय. तडकलेली रिंग दिसली की फोन करायचा. 'हो' म्हणाले तर करायचं, नाही म्हणाले तर चिठ्ठीवर लिहून रॉडला बांधायची: 'तिसरी गाईड, रिंगला तडा, ब्रेड कापेल.' जे परत पूर्ववत होत नाही, म्हणजे घासणं, तासणं, धातू काढणं, ते फोनशिवाय कधीच नाही. धुणं-पुसणं, रील सीटच्या आट्यांतली वाळू काढून किंचित ग्रीस, एवढं न विचारता केलं तरी कुणाचं काही जात नाही.

जुनीमूठ:
ग्रीस थेंबभरच. कॉर्कला लागलं तर डाग जात नाही. बाकी मान्य.

रेवदंडाकिनारा:
फोनचं ठीक आहे. पावसाळ्यात अर्धे फोन लागत नाहीत, पण ठीक. जुन्या कोटवर नवा कोट यापुढे नाही, तो मुद्दा तुमचा खरा आहे. रिंगच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही.

खडकावरून:
माझ्याकडे एका दुकानाने न विचारता इपॉक्सी चढवलेला केनचा रॉड आलाय. काढायची कशी?

रेशीमदोरा:
हीट गन नको. आधी रॉड कानाजवळ धरून हळू वाकवा, टिक-टिक येते का बघा. येत असेल तर हात लावू नका. नसेल तर हेअर ड्रायर सगळ्यात कमीवर, एका वेळी एकच बांधणी, आणि ब्लेड गाईडच्या पायावरच. इपॉक्सी नखाने दबली की थांबा, दोऱ्याचं टोक शोधून उलगडा. बांधण्यांमधल्या बांबूवर चढलेली इपॉक्सी तशीच राहू द्या.