‘इन्डिसेंट प्रपोजल’ : सौदा एकट्या नवऱ्याचा नाही

‘इन्डिसेंट प्रपोजल’ या हॉलिवूडच्या सिनेमाबद्दल ‘नवऱ्याने बायको विकली, एवढीच ही गोष्ट’ असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. लास वेगासला आधी सगळं हरून बसतात ते दोघं, आणि बायकोच्या एका रात्रीसाठी एक अब्जाधीश दहा लाख डॉलर देऊ करतो, त्याला होकार देतात तोही दोघं मिळूनच. करार करणारा वकील मित्र तर उलट वैतागतो, मला आधी विचारलं असतं तर वीस लाख काढून दिले असते म्हणून! मला सिनेमातला सगळ्यात बोचरा प्रसंग तोच वाटतो.

हा सिनेमा ज्यावरून केला, त्या मूळ कादंबरीचा विषय सहसा कुणी काढत नाही. जॅक एंगलहार्डच्या १९८८च्या त्या पुस्तकात गोष्ट घडते अटलांटिक सिटीत. तिथे नवरा ज्यू आहे, आणि पैसे देऊ करणारा श्रीमंत माणूस अरब. म्हणजे ईर्ष्येला जुन्या वैराचीही धार. १९९३च्या सिनेमाने ती काढून टाकली आणि त्या श्रीमंत माणसाच्या भूमिकेत समोर उभा केला नट रॉबर्ट रेडफर्ड! एवढा देखणा, अदबशीर माणूस आणल्यावर मोह पैशाचा की त्याचा, हेच कळेनासं होतं. आपल्याकडे ‘जुदाई’त (१९९७) बायकोच दोन कोटींसाठी नवरा देऊन टाकते. त्यात निदान हाव तरी सरळसरळ दिसते.