मंगळावर माणूस पाठवण्याचा खर्च परवडतो का?

खडूस_काका:
मंगळयानाचे ४५० कोटी आपल्याला तोंडपाठ आहेत. त्याच नोव्हेंबर २०१३मध्ये निघालेल्या नासाच्या 'मेव्हन'ला ६७ कोटी डॉलर लागले. दोन्ही यानं बिनमाणसांची. आता माणसाचा हिशेब बघा. १९८९ साली अमेरिकेचे अध्यक्ष थोरल्या बुशनी चंद्र-मंगळावर माणूस पाठवायची घोषणा केली, नासाने आकडेमोड करून सांगितलं: वीस-तीस वर्षांत सुमारे ५०० अब्ज डॉलर. अमेरिकन संसदेने आकडा ऐकूनच हात वर केले. 'क्युरिऑसिटी' रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, अडीच अब्जांत झाला, २०१२ साली उतरला आणि अजून काम करतोय. म्हणजे त्या ५०० अब्जांत दोनशे क्युरिऑसिटी! मंगळावर दर तालुक्याला एक.

यंत्राला जेवण लागत नाही, घरी परतायचं नसतं. माणसाची जाऊन-येऊन अडीच-तीन वर्षं. तेवढं अन्न, पाणी, प्राणवायू आणि वर परतीचं इंधन. ही निव्वळ हौस आहे, विज्ञान नव्हे.

शिलालेख:
काका, दोनशे रोव्हर पाठवाल हो, पण खड्डा कोण खणणार? नासाचं मंगळावर उतरलेलं 'इनसाइट' यान आठवा. त्यावरचा जर्मन बनावटीचा खिळा पाच मीटर खोल जाऊन मंगळाच्या पोटातली उष्णता मोजणार होता. तिथली माती त्याला धरच देईना. ठोके मारले की तो जागच्या जागी उसळायचा. यानाच्या हाताला असलेल्या सुपडीने बाजूने रेटून पाहिलं, वरून दाबून पाहिलं. फेब्रुवारी २०१९ला सुरू झालेली ही झटापट जानेवारी २०२१मध्ये सोडून दिली. खिळा कसाबसा जमिनीखाली गेला, एवढंच. फावडं घेऊन माणूस उभा असता तर एका दुपारचं काम होतं.

'ऑपर्च्युनिटी' रोव्हरला मंगळावर ४२ किलोमीटर कापायला ११ वर्षं लागली. अपोलो १७च्या दोघांनी चंद्रावर तीन दिवसांत गाडीतून ३५ किलोमीटर पालथे घातले. अपोलोने एकूण ३८२ किलो दगडमाती आणली, रशियाच्या तीन लूना यानांनी मिळून अर्धा किलोही नाही.

खडूस_काका:
चंद्र तीन दिवसांच्या वाटेवर आहे साहेब! आणि त्या ३८२ किलोंपायी त्या काळचे २५ अब्ज डॉलर गेले, ते सांगायचं राहिलं वाटतं.

गुरुत्वमध्या:
दोघेही अर्धंच बोलताय. खर्च माणूस-यंत्र यापेक्षा 'परत आणायचं की नाही' यावर ठरतो. 'पर्सिव्हरन्स' रोव्हरने मंगळावर नळ्यांत भरलेले दगड पृथ्वीवर आणायला माणूस लागणार नव्हता, तरी २०२४मध्ये नासानेच खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत आणि मुहूर्त २०४०पर्यंत जाईल असं सांगितलं. तीही यंत्रंच की!

आणि मंगळयानाचा किलोमीटरमागचा खर्च 'रिक्षापेक्षा स्वस्त', हे पालुपद पुरे करा. मंगळयानावर उपकरणं होती जेमतेम १५ किलोंची, आणि ज्या मिथेनची एवढी चर्चा झाली ते त्या संवेदकाला नीट मोजता आलंच नाही. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान २०२२पर्यंत टिकलं, ते कौतुक वेगळं. माणूस अंतराळात नेणारं आपलं गगनयान बघा, मंजूर खर्च २०,१९३ कोटी, तेही पृथ्वीच्या जेमतेम ४०० किलोमीटर वर.

खडूस_काका:
म्हणजे माझंच म्हणणं की! आणू नका काही. प्रयोगशाळाच तिकडे पाठवा.

शिलालेख:
पाठवा. फक्त तुमच्या दोनशे रोव्हरना रोजच्या आज्ञा लिहायला पृथ्वीवर किती माणसं पगारावर बसतील, तो आकडा अडीच अब्जांच्या गुणाकारात धरलाय का तेवढं सांगा.