मदत हवी आहे: तुलना आकड्यांची, वॉर्निंग मात्र पॉइंटरची

नमस्कार मंडळी. महाप्याच्या आमच्या ऑफिसात सी मधला एक जुना लिनक्स ड्रायव्हर ६४-बिट आर्मवर आणतोय. कर्नल ५.१०, कंपायलर जीसीसी ११. कर्नल व्हेंडरचा आहे, बदलता येत नाही.

ओळ साधी आहे: मिन(लेन, साइझऑफ(बफ)). मिन हा दोनांतला लहान आकडा देणारा कर्नलचा मॅक्रो; लेन हा इंट, म्हणजे निगेटिव्हही होऊ शकणारा पूर्णांक. वॉर्निंग येते ती अशी, की वेगवेगळ्या टाइपच्या पॉइंटरची तुलना होतेय आणि कास्ट (टाइप मुद्दाम बदलणं) नाही. आता यात पॉइंटर आहे कुठे? मॅक्रो उलगडून पाहिला तेव्हा कळलं: दोन्ही टाइप एकच आहेत ना हे तपासायला तो आतल्या आत त्या टाइपच्या पॉइंटरची तुलना करतो. म्हणजे खरी तक्रार इंट विरुद्ध साइझ-टी (साइझऑफचा अनसाइन्ड, म्हणजे निगेटिव्ह नसणारा टाइप) अशी आहे. युक्ती भारी, पण नवख्याची पार दिशाभूल होते.

मिन-टी हा मॅक्रो दोन्ही आकडे आपण दिलेल्या टाइपमध्ये बदलून मग तुलना करतो; त्यात साइझ-टी दिला की वॉर्निंग जाते. पण लेन कधीकधी निगेटिव्ह एरर कोड असतो. तो अनसाइन्ड झाला की प्रचंड मोठा होतो, मिन बफरचा पूर्ण साइझ देतो आणि एरर गिळली जाते. मिन-टी मध्ये इंट दिला तर निगेटिव्ह आकडा तसाच पुढे मेमकॉपीत (मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनमध्ये) लांबी म्हणून जातो आणि तिथे प्रचंड मोठा होतो, ते त्याहून वाईट.

बिल्डमध्ये वॉर्निंग म्हणजे एरर असं सेटिंग आहे, ते काढायचं नाही. प्रत्येक ठिकाणी आधी 'लेन शून्यापेक्षा कमी' तपासून मग मिन-टी लावणं हे सरळ उत्तर दिसतं. पण अशा जागा बऱ्याच आहेत, आणि एखाद्या ठिकाणी ती तपासणी राहून गेली तर मिन-टीमुळे कंपायलर गप्प बसणार. अशी सुटलेली जागा बिल्डच्या वेळीच पकडायला तुम्ही काय वापरता?