ज्यू वारसा म्हणजे फक्त ससूनच्या इमारती का?

रेवसकर (धागाकर्ता)

काळा घोड्याला गेलं की निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पुण्यात तसंच लाल देऊळ, मग ससून हॉस्पिटल, ससून डॉक, डेव्हिड ससून लायब्ररी. हेरिटेज वॉकवाल्यांचा ज्यू महाराष्ट्र इथे संपतो. या सगळ्या वास्तू बगदादहून आलेल्या एकाच श्रीमंत घराण्याच्या आहेत आणि जवळपास प्रत्येकीवर त्या घराण्याचं नाव आहे.

आमच्या अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यातले ज्यू वेगळे. बेने इस्रायल. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. दिवेकर, पेणकर, केहीमकर, अष्टमकर ही आडनावंच सांगतात कोण कुठले. या लोकांनी आपला धर्म मराठीत गायला. १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांनी चक्क कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साकी-दिंडी या आपल्या कीर्तनातल्या वृत्तांच्या चालींवर! आणि घरोघर मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गाणं.

माझं म्हणणं असं की संस्कृतीसाठी जो काही पैसा आहे तो दगडावर ओतण्याऐवजी या गाण्यावर खर्च व्हावा. दरवर्षी अलिबागला शनिवारी संध्याकाळी खुल्या मंचावर बेने इस्रायली कीर्तन आणि मलिद्याचं प्रात्यक्षिक ठेवावं. इमारती काही पळून जात नाहीत. गाणारे मात्र एकेक करून चालले आहेत.

कसब्यातला

सपशेल असहमत. ससून हॉस्पिटल १८६७ पासून सुरू आहे आणि आजही सातारा-सोलापूरकडचा गरीब माणूस शेवटी तिथेच येतो. डेव्हिड ससूनने नाव लावलं म्हणून ते दान खोटं होत नाही. ज्यू धर्मात दान हे ऐच्छिक पुण्य नाही, कर्तव्य आहे. मिळकतीचा दहावा हिस्सा बाजूला काढायची रीत आहे. त्यामुळे हॉस्पिटल बांधणं हीसुद्धा त्या माणसाची प्रार्थनाच होती. तुम्ही टाळ वाजला तरच भक्ती मोजणार असाल तर अवघड आहे.

आणि कीर्तनाने कुणाचा ताप उतरल्याचं ऐकिवात नाही.

शंकेखोर

@कसब्यातला, ती प्रार्थना कुठल्या पैशावर झाली तेही लिहा की. कापूस आणि अफू. माळव्याची अफू चीनला जायची आणि १८७०च्या दशकापर्यंत या व्यापारात ससून पेढीने इंग्रज पेढ्यांनाही मागे टाकलं होतं. तिकडे माणसं अफूने झिजत होती, इकडे हॉस्पिटलच्या कोनशिला बसत होत्या.

शिवाय धर्माचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. त्याखालची म्हणजे देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. दारावर ठळक अक्षरांत नाव कोरणं कुठल्या पायरीवर बसतं?

कसब्यातला

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत अफूला हात न लावलेला मोठा दानशूर शोधून दाखवा. जमशेटजी जीजीभॉयही त्याच व्यापारात होते. जे.जे. हॉस्पिटल आणि जे.जे. स्कूल ऑफ आर्ट दोन्ही पाडायची का आता?

पायऱ्यांचं म्हणाल तर मायमोनिडीसने खालच्या पायरीवरचं दानही दानच धरलंय. बाद केलेलं नाही.

शंकेखोर

पाडा कोण म्हणतंय? वारसा म्हणून मिरवताना अफूची एक ओळ तरी माहितीफलकावर लिहा, एवढंच.

आख्यानप्रेमी

दोघांचं चालू द्या. मला रेवसकरांच्या ‘मातीतलं गाणं’ या कल्पनेवरच शंका आहे. बेने इस्रायली कीर्तन हे काही कोकणात शतकानुशतकं चालत आलेलं नाही. ती शहरातली, छापखान्याच्या काळातली, जाणीवपूर्वक उभी केलेली गोष्ट आहे. आधी काय झालं ते पाहा. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी मुंबईत मराठीतून हिब्रू शिकवायला घेतलं, १८३२ मध्ये त्याने मराठी वाचकांसाठी हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू धर्मांतराचा होता. झालं उलटंच. बेने इस्रायली मंडळी त्या शिक्षणाच्या जोरावर अधिक पक्की ज्यू झाली, स्वतःची पुस्तकं छापू लागली, शाळा काढू लागली. त्याच लाटेत हिंदू हरिदासांचा, म्हणजे कीर्तनकारांचा, साचा उचलून त्यात बायबलमधली आख्यानं बसवली. पूर्वरंग, उत्तररंग, पदं, सगळं शेजाऱ्याचं. याला अस्सल ज्यू संगीत कसं म्हणायचं?

रेवसकर (धागाकर्ता)

मग अस्सल ज्यू संगीत कुठलं हो? बगदाद आणि हलबच्या ज्यूंची प्रार्थना अरबी मकामात, म्हणजे तिकडच्या रागांत, चालते. स्पेनमधून १४९२ साली हाकलले गेलेले लोक लादिनोत, म्हणजे त्यांच्या जुन्या स्पॅनिश बोलीत, गात राहिले. पूर्व युरोपातल्या हसिद या भक्तिपंथी ज्यूंच्या चालींत तिथल्या मेंढपाळांचे आणि सैनिकांचे सूर सापडतात. ज्यू जिथे गेला तिथला सूर त्याने उचलला आणि त्यात आपला देव बसवला. कोकणी ज्यूने साकी उचलली तर तेवढीच उसनी?

तुमचा मिशनऱ्यांचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूने जातो. बाहेरचा माणूस धर्म बदलायला आला आणि या लोकांनी त्याला कीर्तनाने उत्तर दिलं. ससूनच्या घड्याळाच्या मनोऱ्यात ही गोष्ट कुठे आहे?

रंगरेषा

इथे चित्रांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितेय. १८७४ मध्ये पुण्यात पेसाह या ज्यू सणाची हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. बाकी चित्रांची धाटणी युरोपातल्या हग्गादांची आणि मध्येच हे आपल्याकडचं स्वयंपाकघर. मला हा तुकडा अख्ख्या लाल देवळापेक्षा जास्त बोलका वाटतो.

आणि जिवंत उदाहरण हवं असेल तर सियोना बेंजामिन. मुंबईच्या बेने इस्रायली, आता अमेरिकेत असतात. त्यांच्या चित्रांतल्या बायबलमधल्या स्त्रिया निळ्या कातडीच्या आहेत. आपल्याला लगेच कृष्ण आठवतो, आणि रचना पाहिली तर लघुचित्रांची. धर्माची मूर्तिबंदी पाळून मोठी झालेली बाई इतकं आकृतिप्रधान काम करते, हे मला धाडसाचं वाटतं.

शंकेखोर

ही कला आहे, श्रद्धा कशावरून? तसं पाहिलं तर ‘आलम आरा’ लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर बेने इस्रायली होते आणि हिंदी सिनेमातले डेव्हिडही, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. त्यांचं काम ज्यू वारसा म्हणून मोजणार का? आडनावावरून वारसा ठरवायला लागलात तर यादी कुठेच थांबायची नाही.

रंगरेषा

‘आलम आरा’ नाही मोजणार. सारा, रिबेका, लिलिथ यांना घेऊन आयुष्यभर चित्र काढणारी बाई मोजणार. फरक दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

लोदची मावशी

बराच वेळ नुसती वाचत होते. मी बेने इस्रायल, जन्म भायखळ्याचा, राहते इस्रायलमध्ये. रेवसकर, तुमची माया कळते. पण तुम्ही आम्हाला फार गोड करून ठेवलंय.

आधी इमारतींचं. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी मुंबईच्या दफनभूमीत आमच्यापासून वेगळं होण्यासाठी मधे भिंत मागितली होती. मिन्यान म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, त्यात आमच्या पुरुषांना मोजायलाही त्यांच्यातले बरेच जण तयार नसत. म्हणजे ससूनचं कौतुक करायचं आम्हाला काही कारण नाही. पण ते घराणं लंडनला गेलं, बाकीचे बगदादीही पांगले, आणि आज पुण्याच्या लाल देवळात आणि काळा घोड्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला उभे राहतात ते मुख्यतः आमचेच लोक. बांधली कुणी ते खरं, पण दिवा कोण लावतं तेही बघा. ‘त्यांच्या’ इमारती आणि ‘आमचं’ गाणं अशी वाटणी तुम्ही इंटरनेटवर बसून करू नका. ती आमची आम्ही मोडलीय.

आख्यानप्रेमींना: उसनं म्हणा, काही बिघडत नाही. १९६०च्या सुमारास इथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आम्ही पुरेसे ज्यू आहोत का म्हणून शंका काढली. लग्न लावायचं तर आजी-पणजीची चौकशी. आमच्या लोकांनी उपोषणं केली, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. त्या काळात ही मराठी पदं आमच्या बायकांच्या वह्यांत होती. काहींनी लाजेने बाजूला ठेवली, काहींनी हट्टाने म्हटली. आम्हाला ‘अस्सल आहे का’ हा प्रश्न नवा नाही, फक्त या वेळी मराठीतून आलाय.

आता मलिदा. तो प्रात्यक्षिकाचा पदार्थ नाही हो. नवस फेडायला, लग्नाआधी, मूल झाल्यावर, नव्या घरात करतात. पोहे कालवण्यापेक्षा एलियाहूचं नाव घेणं आणि वर आशीर्वाद म्हणणं महत्त्वाचं. मंचावर माइक लावून कशाचा मलिदा दाखवणार? खंडाळ्याला, आपल्या अलिबागजवळच्या, एलियाहूच्या रथाच्या खुणा असलेल्या खडकाशी लोक अजून जातात. तिथे या, प्रसाद घ्या, कुणी अडवणार नाही.

आणि शनिवारी संध्याकाळी पेटी-तबला? आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो.

रेवसकर (धागाकर्ता)

मावशी, वार बदलू. मलिदा मंचावर नको, हेही मान्य. पण कीर्तनाचं काय? ते तर मुळात लोकांसमोर करण्यासाठीच बसवलेलं होतं. घरातल्या वहीत राहिलं तर तुमच्या नातवंडांना हिब्रूच येणार, मराठी पद कोण म्हणणार?

लोदची मावशी

नातवंडांना मराठीत फक्त ‘जेवलीस का’ एवढं येतं, कबूल. कीर्तन करा, जरूर करा. पण गाणाऱ्या बाईला बिदागी द्या. आम्हाला बोलावतात तेव्हा शाल आणि नारळ मिळतो, मांडववाल्याला रोख.

कसब्यातला

म्हणजे पुन्हा पैसा लागणारच. तो कोण देणार? काळा घोड्याच्या सिनेगॉगचं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं त्यात ज्यू नसलेल्या उद्योगसमूहाच्या फाउंडेशनचा मोठा वाटा होता. उद्या कीर्तनालाही तसाच कुणी दाता मिळाला तर तो मागच्या पडद्यावर आपलं नाव लावणारच. तेव्हा शंकेखोर पायऱ्या मोजत बसणार का?

शंकेखोर

मोजणार. आणि पैसा कुठून आला तेही विचारणार.

आख्यानप्रेमी

पैशाच्या आधी संहिता शोधा. त्या काळी छापलेल्या आख्यानांच्या पुस्तिका ग्रंथालयांत किंवा जुन्या घरांत कुणाकडे असतील तर आधी स्कॅन तरी करा. मी साच्याला उसना म्हणालो, टाकाऊ नाही म्हणालो. योसेफाचं आख्यान मिळालं तर साकीच्या चाली बसवायला माझ्या ओळखीत दोन कीर्तनकार आहेत. नारदीय परंपरेतले आहेत, मावशींना चालणार असतील तर.

लोदची मावशी

चालतील की. पहिल्यांदा तरी दुसरं कोण शिकवायला होतं?