मदत हवी आहे : खिडकीच्या उजेडात मुलीचे फोटो, एक गाल काळा येतो

नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, हॉलची खिडकी पूर्वेला आहे. मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होतेय, तिचे घरातलेच साधे फोटो, फ्लॅश न मारता, काढून गावी आजीला फ्रेम करून द्यायचेत.

जुना क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, ५० एमएम एफ १.८ लेन्स. सकाळी थेट ऊन आलं की ग्रिलच्या सावल्या तोंडावर पडतात म्हणून पातळ पांढरा पडदा लावला, उजेड एकदम मऊ झाला, इतकं छान वाटलं बघून! पण खिडकीकडचा गाल उजळ आणि दुसरा अगदी काळा. त्या बाजूने उजेड परतवायला थर्माकोलची शीट धरली तर फरक पडला, पण शीट बायको धरते आणि पोरगी आईकडेच पळते. खिडकीपासून आत सरकवलं तर दोन्ही गाल सारखे दिसतात पण उजेड इतका कमी होतो की आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० लागतो, आणि शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू केलं की ती हलते, सगळं ब्लर. ट्यूबलाइट लावली तर अर्धा चेहरा वेगळ्याच रंगाचा, ती बंदच ठेवतोय.

तर खिडकीकडे सरळ तोंड करून बसवू की ४५ अंशात? शीट किती जवळ हवी, आणि कोणी न धरता उभी कशी करता? दुपारी खिडकीत थेट ऊन नसतं, तेव्हा काढले तर बरं का? आणि मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे छोट्याशा जागेपुरतं ठेवून गालावर घ्यायचं का? लहान मुलांचे फोटो काढणाऱ्यांनी प्लीज सांगा.