बाबा टेल्कोतले आणि मला हवी टोयोटा. तुमच्याकडे गाडीची कंपनी कोण ठरवतं?

निगडीची_स्मिता:

मंडळी, गाडी घ्यायची आहे. पण पेच गाडीचा कमी आणि घरातला जास्त, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

बाबा टेल्कोतून रिटायर झाले. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊनही वीसेक वर्षं उलटली, आमच्याकडे अजून टेल्कोच, आणि आपापसात नुसतं 'कंपनी'. बाबा टूल रूमला होते, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या डाय आणि साचे बनवतात तिथे. १९८९ चा संप आणि शनिवारवाड्यावरचं उपोषण ते काल झाल्यासारखं सांगतात आणि त्याला जोडूनच इंडिकाचं आख्यान लावतात: ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना कसा सुटा करून जहाजाने आणला, पिंपरीत कसा उभा केला, आणि मारुतीच्या झेनएवढ्या गाडीत अँबॅसिडरएवढी जागा कशी बसवली. घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायच्या आधी हे ऐकावं लागतं. टाटा सुमो हे नाव कंपनीचे जुने अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्यावरून आलं, हे माझ्या नवऱ्याला साखरपुड्याच्या दिवशी कळलं.

तर घरात आधी इंडिका, मग व्हिस्टा, आणि आता टियागो. दुसऱ्या कंपनीची गाडी आमच्या पार्किंगमध्ये फक्त पाहुण्यांची.

माझं रोजचं जाणंयेणं निगडी ते हिंजवडी. डांगे चौक आणि वाकडचा पूल ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. क्लच दाबून दाबून संध्याकाळी डावा पाय भरून येतो. ऑफिसातल्या एकीकडे टोयोटाची हायरायडर आहे, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली. तिच्यासोबत दोनदा आले. तुंबलेल्या रस्त्यात इंजिन बंदच असतं, गाडी बॅटरीवर मुंगीच्या पावलाने सरकते, आणि बाई शांतपणे पॉडकास्ट ऐकत असते. कंपनी लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते. तिला तेवढं पडत नाही, पण वीसच्या वर पडतं म्हणाली. गर्दीत वीस! माझी टियागो तिथे तेराचं तोंड बघते.

मी ब्रोशर आणून टीपॉयवर ठेवलं. बाबांनी ते पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, व्यवस्थित घडी घातली, आणि रद्दीत ठेवलं. "नेक्सॉन घे, ऑटोमॅटिक घे, उरलेले चार लाख एफडीत टाक." विषय संपला.

पैसे माझे आहेत, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. पण ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षं त्या गेटातून ये-जा केली, त्याच्या दारात दुसऱ्याचा बिल्ला आणून लावायचा, हे जड जातंय. तुमच्याकडे असं काही आहे का? की मीच उगाच भावनेत वाहवत चालले आहे?

हप्तेबहाद्दर:

हप्ता कोण भरणार? तुम्ही. क्लच कोणाचा पाय दाबणार? तुमचा. घ्या हायरायडर. वडील पहिल्या गौरी-गणपतीत मागच्या सीटवर बसून एसी वाढव म्हणतील.

कराडचा_गॅरेजवाला:

ताई, एफडीचा हिशोब तुमचे बाबा बरोबर करतात, त्यात वाद नाही. पण निष्ठेचं म्हणाल तर आमच्या धंद्यात बसून बघा, हसू येईल.

१.३ लिटरचं ते फियाटचं डिझेल इंजिन घ्या. फियाटच्या पुंटो-लिनियात ते मल्टिजेट. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये तेच, नाव डीडीआयएस. टाटांच्या व्हिस्टा-मांझात क्वाड्राजेट. शेव्हरोलेच्या सेलमध्येसुद्धा तेच. ट्यूनिंगमध्ये थोडा इकडेतिकडे फरक, बाकी ब्लॉक तोच, टायमिंगला पट्ट्याऐवजी चेन, तीही सगळ्यांत. २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि ते बंद पडलं. तोवर माझ्या शेडमध्ये स्विफ्टवाला आणि व्हिस्टावाला शेजारीशेजारी बोनेट उघडून उभे असायचे आणि स्विफ्टवाला म्हणायचा, "मारुतीच्या इंजिनाला तोड नाही." व्हिस्टावाला म्हणायचा, "टाटाचं लोखंड ते लोखंड." मी हातातला पाना पुसत गप्प. कुणाचं गिऱ्हाईक तोडू?

तुमची जुनी व्हिस्टा डिझेल क्वाड्राजेट असेल तर बाबांना सांगा, घरात इटालियन येऊन गेला आहे.

आता तुमच्या हायरायडरचं. ती आणि मारुतीची ग्रँड विटारा या सख्ख्या बहिणी, दोघी २०२२ ला आल्या त्या टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातून, कर्नाटकातून. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही सरकणारं, घेतलं तर दोन्हीत टोयोटाचं तीन सिलिंडरचं इंजिन. साधं पेट्रोल घेतलं तर दोन्हीत सुझुकीचं चार सिलिंडरचं. म्हणजे टोयोटाचा बिल्ला लावून सुझुकीचं इंजिन घेता येतं आणि मारुतीचा लावून टोयोटाचं. बिल्ल्यावर जाऊ नका. तुमच्या घरापासून कोणाचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे आणि तिथला सुपरवायझर फोन उचलतो का, हे बघा. हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, ती कागदावर नीट वाचून घ्या. वॉरंटीत असेपर्यंत माझ्यासारख्याकडे नेऊ नका, हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

गिरगावची_पद्मिनी:

माझे मामा टॅक्सी चालवायचे, काळी-पिवळी पद्मिनी. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग सीट, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, मे महिन्यात मांड्या चिकटायच्या. गाडी कुर्ल्याला बनायची, त्यामुळे ती मुंबईचीच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मूळची फियाट ११००, हे फार पुढे कळलं. मामा मात्र शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणायचे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची होऊन बाद झाली, तेव्हा मामा नव्हते. मामींनी पेपरातला फोटो कापून ठेवला.

मी स्वतः पुंटो चालवते. फियाट नावाची नवी गाडी आता भारतात मिळत नाही, तरी चालवते. लोक विचारतात, विकत का नाहीस? घाटात वळणावर ती जशी रस्ता धरते तशी दुसरी कुठलीही गाडी मला धरताना दिसली नाही. याला निष्ठा म्हणा नाहीतर हट्ट.

स्मिता, एक खडा टाकू? तुझ्या बाबांची नेक्सॉन पिंपरीची नाही. ती रांजणगावला बनते, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, जिथून जीप कंपास निघते. आणि दारातली टियागो साणंदची, गुजरातची. टाटांच्या हॅरिअरचं दोन लिटरचं डिझेल इंजिनसुद्धा मूळ फियाटचंच. मला आनंदच आहे, पण बाबांना सांगताना जपून.

मिशिगनकर:

हा धागा वाचून इथे एकट्याने हसतोय. डेट्रॉईटच्या आसपास आम्ही बरेच मराठी गाड्यांच्याच धंद्यात आहोत, मी सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत. इथे तुमचे बाबा गल्लोगल्ली सापडतील. फोर्डच्या डिअरबॉर्नच्या ट्रक कारखान्यात २००६ साली नियम निघाला: दाराजवळची पार्किंग फक्त फोर्डच्या गाड्यांना, बाकीच्यांनी लांब लावून चालत यायचं. जानेवारीतला मिशिगनचा बर्फ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे निष्ठा कशी टिकते ते कळेल. कामगार संघटनेच्या कार्यालयांबाहेर 'परदेशी गाड्या लावू नयेत' अशा पाट्या मी पाहिल्या आहेत.

वर सवलत. फोर्डमध्ये नोकरीला असाल किंवा रिटायर झाला असाल तर 'ए-प्लॅन', पुरवठादारांसाठी 'एक्स-प्लॅन'. घरात एक जण फोर्डमध्ये असला की मेहुण्यापासून आजीपर्यंत सगळे फोर्डवाले. हे प्रेम किती आणि गणित किती, मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही.

गंमत पुढे आहे. टोयोटाची कॅमरी १९८८ पासून केंटकीच्या जॉर्जटाउनला बनते आणि शेव्हरोले ब्लेझर मेक्सिकोतून येते. परदेशी कुठली आणि देशी कुठली हे पाटी लावणाऱ्याने ठरवावं. माझा शेजारी, जनरल मोटर्समधून रिटायर झालेला, त्याच्या मुलीने टोयोटा घेतली तेव्हा त्याने तिला ड्राइव्हवेवर गाडी लावू दिली नाही. रस्त्यावर लाव म्हणाला. दोन हिवाळ्यांनी तोच तिच्या गाडीवरचा बर्फ खरडताना दिसला, तरी गाडी रस्त्यावरच.

चाकणचा_अभियंता:

एक मुद्दा राहिला. 'टाटा म्हणजे भक्कम पत्रा आणि मारुती म्हणजे डबा' हे वाक्य लोक अजून फिरवतात. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे, पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाड्यांत पहिल्यांदा, त्याचं श्रेय टाटांना द्यायलाच हवं. त्यांनी केलं म्हणून बाकीच्यांना करावं लागलं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरलाही पाच मिळाले. तारे कंपनीला नसतात, मॉडेलला असतात, तेही त्या वर्षाच्या नियमांप्रमाणे. जी घ्याल तिचा रिपोर्ट काढून मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे वाचा. आणि मागच्या सीटवर बाबा असतील तर त्यांनाही पट्टा लावायला लावा, कंपनी कोणतीही असो.

निगडीची_स्मिता:

सगळ्यांचे आभार. पुढचं सांगते.

रांजणगावचं मी जपून सांगितलं नाही. जेवताना सांगून टाकलं. बाबा भात कालवत म्हणाले, "मला माहीत आहे. आमची माणसं तिकडे गेली आहेत." साणंदचं पण माहीत होतं. मग म्हणाले, "मी कारखान्याच्या पत्त्याबद्दल बोलत नव्हतो." कशाबद्दल बोलत होते ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

रविवारी शोरूमला स्वतःहून आले. शर्टाच्या खिशात फीलर गेज! टूल रूमवाल्यांना माहीत असेल, पातळ पत्त्यांचा जुडगा असतो, फट मोजायचा. सेल्समन मुलगा सनरूफ उघडून दाखवतोय आणि बाबा बोनेट आणि फेंडरमधल्या फटीत एकेक पत्ती सरकवून बघताहेत. डावीकडे वरून खाली, मग उजवीकडे. मग दारं. मग डिकी. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून पत्तीला रुमालाची घडी लावून. मुलगा घाबरला, मॅनेजर आला, मॅनेजरही घाबरला. शेवटी बाबा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "डाय चांगली ठेवली आहे." माझी दहावी, इंजिनिअरिंग, लग्न, कशालाच मला एवढी शाबासकी मिळालेली नाही.

टेस्ट ड्राइव्हला मागे बसले. भक्ती-शक्तीच्या चौकात गाडी उभी असताना विचारलं, "बंद पडली का?" म्हटलं, नाही बाबा, बॅटरीवर आहे. त्यानंतर घरापर्यंत एक शब्द नाही.

आणि काल संध्याकाळी नवीनच काढलं. म्हणतात, नेक्सॉनचं राहू दे. टाटांचीच पंच घे, ऑटोमॅटिक. ती पिंपरीलाच बनते, आपल्याच गेटातून बाहेर पडते, आणि हायरायडरच्या निम्म्या पैशात येते. हिशोब लिहून दिलाय पाठकोऱ्या कागदावर, पेट्रोलसकट: वर्षाला इतके किलोमीटर, इतका फरक, हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते. मी दोनदा तपासला. चूक सापडत नाही.

पंचच्या मागच्या सीटवर तीन मोठी माणसं नीट बसतात का? कोणाकडे असेल तर खरं सांगा. आई, बाबा आणि सासूबाई असे तिघं धरा.

कराडचा_गॅरेजवाला:

ताई, दोघं मजेत. तिसरं माणूस बसतं, पण उंब्रजपर्यंत. सासूबाईंना पुढे बसवा.

हप्तेबहाद्दर:

बाबांना पुढे बसवलं नाही तर फटी कोण मोजणार?