स्पायरल आर्टरी रिमॉडेलिंगला मराठीत काय म्हणाल?

रानजाई
गरोदरपणातल्या बीपीवरचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय, बायकांच्या हातात द्यायचंय. 'स्पायरल आर्टरी रिमॉडेलिंग'पाशी गाडी अडलीये. मी 'सर्पिल धमन्यांची पुनर्रचना' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी धमनी खोडून रोहिणी केलं, म्हणे धमनी हिंदी आहे. आणि पुनर्रचना मलाच पटत नाहीये. मुळात होतं असं की गर्भाशयाच्या अस्तरात बारीक, पीळ पडलेल्या रक्तवाहिन्या असतात, गर्भ रुजला की वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी त्यांच्यात शिरतात, भिंतीतला स्नायू जातो आणि त्या तोंडाशी पाच-दहा पट रुंद होतात, विसाव्या आठवड्याच्या आसपास हे बरंचसं उरकतं. हे अर्धवट राहिलं की पुढे बीपी चढणं, बाळाची वाढ खुंटणं असं होऊ शकतं. हे एका शब्दात कसं सांगू?

जुनी वही
रोहिणीच. विश्वकोशात आर्टरीला रोहिणी आणि व्हेनला नीला आहे, आम्ही शाळेत तेच शिकलो. रोहित म्हणजे तांबडा, तिचीच रोहिणी, रंगावरून दोन्ही शब्द कसे चपखल बसतात बघा. चांगले शब्द वापरायचे सोडले म्हणून तर ते मरतात.

पायवाट
धमनी हिंदी कुठून झाली? सुश्रुताच्या शारीरस्थानात धमन्यांवर आख्खा अध्याय आहे, नाभीपासून निघणाऱ्या 24 धमन्या सांगितल्यात. धातू 'ध्मा', फुंकणे, भात्यासारखी फुगते ती धमनी. इथे रुंदावणाऱ्या नळीबद्दलच बोलतोय ना, मग याहून नेमका शब्द कुठला? आणि जुनी वही, रंगाचंच म्हणाल तर नाळेतल्या नीलेतून बाळाकडे शुद्ध रक्त जातं, तिथे तुमचा रंग उलटा पडतो.

लेबररूम
मी प्रसूती विभागात सिस्टर आहे. रानजाईताई, आमच्याकडे येणारी बाई रोहिणी म्हणत नाही आणि धमनीही म्हणत नाही, ती म्हणते शीर. गर्भाशयाला पिशवी. पत्रक तिच्यासाठी असेल तर 'पिशवीतल्या शिरा सैल आणि रुंद होतात' एवढंच लिहा. सैल हा शब्द सोडू नका, कारण तीच खरी गोष्ट आहे, स्नायू गेल्यावर ती शीर आकसूच शकत नाही, आईच्या अंगात काही झालं तरी बाळाचा पुरवठा एकदम आवळला जात नाही. नऊ महिने भरत येतात तेव्हा पिशवीकडे मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त जात असतं. मग वार पडल्यावर या उघड्या तोंडांचं काय? त्या स्वतः मिटत नाहीत, पिशवीचा स्नायू चहूबाजूंनी आवळून त्यांना दाबून धरतो. म्हणून आम्ही बेंबीखाली हात ठेवून बघत राहतो, गोळा कडक लागला की जीव भांड्यात पडतो, मऊ लागला तर लगेच चोळायला घेतो.

जुनी वही
सिस्टर, माहिती फारच मोलाची. पण शीर म्हणजे व्हेन, आर्टरीला शीर म्हटलं की शास्त्र बिघडतं.

लेबररूम
हाताची शीर, मानेची शीर, डोक्याची शीर, मराठीत सगळी शीरच आहे हो. बाईला धोका कळायला हवा, पोटात वरच्या बाजूला दुखलं, डोळ्यापुढे चमकलं की तिने धावत यायला हवं.

मळसूत्र
सर्पिल मात्र काढा. स्पायरल गॅलक्सीला सर्पिल दीर्घिका म्हणतो आपण, ते चपटं वेटोळं. ही रक्तवाहिनी स्क्रूसारखी फिरत वर चढते, तिला मळसूत्री म्हणायला हवं.

पायवाट
मळसूत्री आवडलं. आणि वारेच्या पेशी शिरतात त्या 'इन्व्हेजन'ला आक्रमण करू नका हं, पोटातल्या बाळाबद्दल वाचताना बाई घाबरेल. शिरकाव बरा. शीर आणि शिरकाव एकाच घरचे असणार असं मला फार दिवस वाटतंय.

जुनी वही
शीर शिरा-सिरापासून, शिरण्याशी तिचा काय संबंध? पुरावा द्या.

रानजाई
'शिरा सैलावतात' घेतेय बहुतेक, पण तपासणाऱ्या बाई रोहिणीवर अडूनच आहेत. आणखी एक, 'वार' सगळीकडे कळेल ना? आमच्या सासरी जार म्हणतात.

मळसूत्र
जार जनावराची, बाईची वार.

लेबररूम
असं काही नाही, आमच्या गावात गाईची पण वारच अडकते.

जुनी वही
जार म्हणजे जरायु, शुद्ध संस्कृत. जनावरापुरता तो कधीच नव्हता.